उरलेला डबा

तार्तूत फेब्रुवारीतला दिवस एवढासा असतो,
एका चौकटीचे चार कोपरे घासून होईतो मावळतो.
म्हणून मी दिवा लावूनच बसते
अंगणातल्या लाकूडफाट्याच्या खोपटात,
हातमोजे काढून. हातमोज्यांना लाकूड कळत नाही.

अकरा चौकटी.
काल्यूच्या आईच्या माळ्यावरून आणलेल्या,
बटाट्यांच्या पोत्यांत गुंडाळून.
सगळ्यांना एकच रंग,
जाड, तपकिरी, आटून आटून बुडाला लागलेल्या काढ्यासारखा.
कुणा आडदांडाने फासलाय हा, मी म्हणाले.
काल्यू काही बोलला नाही.
आईच्या वस्तूंबद्दल तो बोलत नाही.

जुना रंग सुटताना आधी सुरकुततो,
मग फुगतो, मग पटाशीच्या बोथट कडेवर
सायीसारखा गोळा होत येतो.
खाली कधी बर्च, कधी ओक,
एकीला खडू आणि सरसाचा पांढरा थर
आणि त्यावर नखाएवढं सोनं.
त्या नखाएवढ्या सोन्यासाठी
मी तीन रात्री कापसाची काडी जिभेवर ओली करत बसले.
थुंकीइतकं हलकं औषध दुकानात मिळत नाही.

मग तारेचा काथ्या. मग जवसाचं तेल;
तेल प्यायला की ओक एकदम आपलं खरं वय सांगतो.
शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा,
जो कुठल्याशा उष्ण देशात
किडे झाडाच्या फांद्यांवर बसून तयार करतात म्हणे.
बाहेर उणे सतरा.
मी ब्रश फिरवते आणि त्या किड्यांना
मनातल्या मनात बरं असा म्हणते.

जिन्यालगतच्या भिंतीवर जागा आखून ठेवल्या,
वर्तमानपत्राचे अकरा तुकडे, टाचण्या टोचून.
इथे काल्यूच्या पणजीचं लग्न.
इथे होडीतला तो कुत्रा,
ज्याचं नाव घरात सगळ्यांना आठवतं
आणि त्याला धरून उभ्या मुलाचं कुणालाच नाही.

रविवारी साल्मे आली. ब्याऐंशी वर्षांची,
बूट न काढता थेट भिंतीपाशी.
दहा चौकटी टेकवून ठेवलेल्या, उजळ.
ती एकेकीच्या खाचेतून बोट फिरवत गेली,
दुसरीच्या घरातली धूळ बघावी तसं.
“तपकिरी कुठाय?”
काढला, मी म्हणाले. जरा तोऱ्यातच.

“जमिनीचा रंग होता तो.
वशिला लावून डबा मिळवलेला.
स्वयंपाकघराची जमीन रंगवत रंगवत मागे सरकत गेले
ती थेट खिडकीच्या कोपऱ्यात.
दार समोर, मध्ये सगळं ओलं.
काल्यू पोटात, सातवा महिना, उडी तरी कशी मारू?
त्याचा बाप रात्रपाळीला.
हाताशी तिसरा हिस्सा उरलेला डबा
आणि भिंतीवरून उतरवलेल्या या अकरा.
काय करणार? रंगवल्या.”
मग चहात साखर ढवळत,
“वाईटच दिसायच्या. बरं केलंस.”

अकरावी तेव्हा खोपटात होती,
रसायनाखाली, अर्धी फुगलेली.
मी कोट न घालता बर्फातून धावले,
फडकं घेतलं, पुसलं, पुन्हा पुसलं.
वरची पट्टी आणि डावी बाजू गेली होती, नुसता बर्च.
उजवी आणि खालची राहिली.
खालच्या कोपऱ्यात, रंगात रुतलेला
ब्रशचा एक केस,
आणि त्याच्या शेजारी बोटाचा ठसा.
करंगळीचा असावा. कदाचित नुसताच ओघळ.

तशीच टांगली.
लांबी भरली नाही, जोड लपवला नाही,
चपडा मात्र दोन्हींवर सारखा दिला.
आत काय लावायचं ते अजून ठरत नाही,
सध्या मागची भिंतच दिसते.

जिना चढताना पाहुणे थांबतात.
ही एक राहूनच गेली का, विचारतात.
मी काही सांगायच्या आत
काल्यू खालून ओरडतो,
“तिकडे जपून! जमीन ओली आहे.”